पाठ टेकल्यावर

सेनगावजवळच्या गोरेगावातल्या सोयाबीनच्या रिकाम्या गोदामात निळ्या गाद्या अंथरल्या होत्या. त्यांवर उताणं पडायला सपनाला फार आवडायचं. पत्र्याच्या भोकांतून उजेडाच्या काड्या उतरत, त्यांत भुसा तरंगत राही, आणि समोरच्या पोरीचं ओझं अंगावर आलं की जग आपोआप सावकाश होई.

अडचण होती बाबांची. जळबा पैलवान उमेदीत पंचक्रोशी गाजवलेले. लेकीनं नांदेडला नर्सिंग करता करता ब्राझिलियन जिउ-जित्सू ही परदेशी कुस्ती शिकून घेतली, आता सेनगावच्या दवाखान्यातली ड्युटी सांभाळून इथं पोरींना शिकवते, हे त्यांनी बरेच दिवस मुकाट पाहिलं. काल जेवताना मात्र म्हणाले, "उद्या येतो बघाया. पण तुझी पाठ लागली की हा खेळ बंद. बराबर?"

"बराबर, बाबा," सपना बोलून गेली.

"तुमची पाठ कधी लागली न्हाई," भाकरी थापता थापता आई म्हणाली, "मग उठता-बसता गुडघे काहून बोंबलतात?"

सपना हसली. या खेळात पाठ आपणहून टेकतात, हे सांगायचं ओठांवर येऊन राहून गेलं.

आज समोर लढायला जवळा बाजार गावची पुनम होती. अंगानं सपनाच्या दीडपट, तुरीचं पोतं सहज खांद्यावर टाकणारी. तिनं ढकलायला सुरुवात करताच सपना खाली बसली, तिला पायांच्या कवेत घेतलं आणि मागं रेलली. पाठ गादीला टेकली.

"चीत!" बाबांचे जुने जोडीदार धर्मसिंग ओरडले. "झाली चीत! नारळ आणा रे!"

टाळ्या पडल्या. सपनाला बाबा उठताना दिसले. खांद्यावरचा टॉवेल झटकून ते दाराकडं निघाले, उलटे, जणू छतावरून चालत.

"अवो काका, बसा! चालूच हाय अजून!" सपनाकडं शिकणारी कुणी पोरगी ओरडली.

पुनमचा सगळा भार आता सपनाच्या छातीवर होता. आवाज दूर गेले. त्या गरम, जड काळोखात तिला वॉर्ड आठवला. नवीन असताना ती एका लठ्ठ आजोबांना उचलायला गेली आणि तिचीच कंबर धरली. तेव्हा नीलाबाई सिस्टर म्हणाल्या होत्या, "उचलती काहून गं? भारी माणसाला त्याची कूस दे, तो आपला वळतो."

सपनानं श्वास सोडला. उजवी नडगी पुनमच्या पोटावर आडवी सरकवली. डावा पाय तिच्या गुडघ्याशेजारी जमिनीलगत ठेवला. एका हातात तिच्या जाड जॅकेटची कॉलर, दुसऱ्या हातात बाही. मग वाट पाहिली.

पुनम आणखी दाबायला पुढं झुकली. सपनानं तिला तसंच जवळ ओढून घेतलं. क्षणभर तो सगळा देह नडगीवर आला आणि हलका झाला, पाण्यात धरल्यासारखा. दोन्ही पाय कात्रीसारखे फिरले. पुनमचा हात टेकायला जमीन शोधू लागला, पण बाही सपनाच्या मुठीत होती. झोपेत कुणी कूस बदलावी तशी पुनम वळली.

सपना तिच्या छातीवर बसली होती.

खालून पुनम म्हणाली, "आयला, मी खाली कवा आले?"

हशा पिकला. बाबा दारात उभे होते. त्यांच्या मागं एवढा उजेड होता, की चेहरा दिसेना. मग तिथं नुसता उजेडच उरला.

संध्याकाळी सपना घरी आली तेव्हा अंगणात वाकळ अंथरलेली होती.

"पाठ लागली तुझी," बाबा म्हणाले.

"व्हय, बाबा."

"म्हंजी खेळ बंद."

बाबांनी टॉवेल बाजूला ठेवला. गुडघ्यावर हात देत सावकाश खाली बसले, आणि मग, गावानं कधी पाहिलं नव्हतं तसे, वाकळीवर पाठ टेकून निजले. वरच्या कडुलिंबाकडं कितीतरी वेळ पाहत राहिले.

"बंद करायच्या आधी समजून तर घिऊ," ते म्हणाले. "धर मला त्या पुनमसारखं. आन् सांग, आधी कोणता पाय?"