सासूबाईंनी फळीवर घातलेले पेपर

मी माझ्या सासूबाईंबद्दल चांगलं लिहितोय हे वाचून आमच्या घरच्यांना घेरी येईल. येऊ दे. गेल्या मे महिन्यात त्या जर्मनीत, गोर्लित्सला आमच्याकडे आल्या आणि पहिल्याच सकाळी म्हणाल्या, "पुष्करराव, डब्यांखाली पेपर नाही? कसे राहता हो तुम्ही?" मी रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. डब्यांवरून मला आजवर कोणी असं बोललं नव्हतं.

मालिनीबाई साताऱ्याच्या एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होत्या. लग्नपत्रिका, बँकांचे अहवाल, कोर्टाचे इंग्रजी फॉर्म, सगळं ओळीखाली पट्टी धरून तपासायचं. निवृत्तीनंतरही खोड जाईना. हॉटेलात गेलो की आधी मेनूकार्डातल्या चुका, मग भूक. सोबत बसलेल्या जावयाने जीव कसा मुठीत धरायचा ते मलाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी कामावरून आलो तर स्वयंपाकघराच्या चारही फळ्यांवर पिवळे पडलेले जर्मन पेपर! तळघरात, म्हणजे केलरमध्ये, खालच्या मजल्यावरच्या हेर नोआकांच्या (जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे श्रीयुत) दारापाशी गठ्ठा दिसला, बाईंना वाटलं रद्दी.

"अहो आई! इथे शेजाऱ्याची काडी हलवली तरी पत्र येतं! कोणाला विचारलंत?"

"ओरडू नका. आधी हे बघा. वरच्या फळीवरचा हा मजकूर आणि खालच्या फळीवरचा हा. शब्दाला शब्द तेच. खालचं नाव तेवढं वेगळं."

"तुम्हाला जर्मनचं ओ की ठो कळत नाही!"

"म्हणूनच तर. अर्थ कळला की डोळा पुढे पळतो. न कळणाऱ्या भाषेचं प्रूफ चांगलं वाचलं जातं."

मी चडफडत वाकलो. पेपर १९८१ सालचे, पूर्व जर्मनीतल्या सरकारी जिल्हा-पेपरचे. तेव्हा आमच्या गावच्या पुलापलीकडे, पोलंडमध्ये, लाखो कामगार सरकारविरुद्ध उठले होते. पण पेपरात 'संप' हा शब्द औषधालाही नव्हता. 'काही विघ्नसंतोषी', 'भडकवलेली डोकी', रिकाम्या पोलिश दुकानांचे फोटो, आणि शेजारी आपल्याकडच्या बटाट्याच्या विक्रमी पिकाची बातमी. त्याखाली एका वाचकाचं पत्र: 'आमचे पोलिश सोबती काम टाकून रस्त्यावर ओरडत फिरतात आणि आमच्या लेकरांच्या तोंडचा घास खातात.' ऑक्टोबरच्या अंकात खाली नाव होतं इल्झे पेत्सोल्ड, त्सिटाऊ. डिसेंबरच्या अंकात तेच पत्र, नाव डीटर नोआक, लेथ ऑपरेटर, गोर्लित्स.

आमचेच हेर नोआक! चौऱ्याहत्तर वर्षांचे, रोज सकाळी जिना पुसणारे, आणि अख्खं गाव भाजी-पेट्रोलला पुलापलीकडे जात असताना कधीही पूल न ओलांडणारे.

माफी मागायला आम्ही दोघं खाली गेलो. मी 'चुकून उचलले' म्हणेपर्यंत त्यांनी दोन्ही पानं हातात घेतली, एकदा हे वाचलं, एकदा ते, आणि जिन्याच्या पायरीवरच बसले.

यानेक नावाचा पोलिश माणूस त्यांच्या शेजारच्या लेथवर होता. रविवारी दोघं नदीवर मासे धरायचे. यानेक उठावात सामील झाला, आणि हे पत्र छापून आलं. आठवड्याभरात यानेकने नोआकांनी दिलेला गळ कोणाच्या तरी हाती परत पाठवला. चिठ्ठीसुद्धा नाही.

"मी ते लिहिलंच नव्हतं," नोआक म्हणाले. "पेपरच्या ऑफिसात विचारायला गेलो. तिथला माणूस म्हणाला, तुम्ही लिहिलं नसेल, पण लिहिलं असतंत तर असंच लिहिलं असतंत ना? मुलगी तीन वर्षांची होती. घाबरलो. हो म्हणालो मी."

"मग हे इल्झेबाईंच्या नावाचं पत्र तुम्ही कधी पाहिलं नाही?" मी विचारलं.

"ते पेपर वाचायचं कोण? हवामान आणि फुटबॉल. बाकी बायको कपबश्या गुंडाळायची."

मी सासूबाईंना सगळं मराठीत सांगितलं. त्या उठल्या, वर जाऊन जाकीट चढवून आल्या. "त्यांना म्हणावं, उठा. मित्र जिवंत आहे ना? मग बसता काय?"

मी म्हटलं, आई, दुसऱ्याच्या भानगडीत आपण कशाला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने गाडीची किल्ली घेतली. नोआक पत्ता सांगत गेले आणि आम्ही पूल ओलांडला.

यानेकने दार उघडलं आणि नोआकांना ओळखून ते परत लोटायला लागला. सासूबाईंनी फटीतून दोन्ही पेपर पुढे केले. एकावर हळदीचा डाग पडला होता. यानेकने चष्मा लावला. सासूबाईंनी पर्समधून पट्टी काढून पहिल्या ओळीखाली धरली, मग दुसऱ्या पेपरच्या पहिल्या ओळीखाली. अशा त्या शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या.

"मग तेव्हाच का नाही आलास?" यानेक म्हणाला.

"मी त्या ऑफिसात हो म्हणालो होतो. लाज वाटली."

यानेकने त्या डागावरून बोट फिरवलं. "गळ आहे अजून?"

"आहे."

"रविवारी आण," तो म्हणाला आणि त्याने दार पूर्ण उघडलं.

माझे डोळे भरून आले, लपवून काय करू? परतताना मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मानलं तुम्हाला. झालं तुमचं काम."

"झालं कुठे? वरच्या फळीवरच्या बाईचं काय? तिचंही नाव उगाच कोणी वापरलं असेल तर?"

दुसऱ्या दिवशी नोआक फोन घेऊन आमच्याच स्वयंपाकघरात बसले. त्सिटाऊतले सात पेत्सोल्ड शोधून काढले होते. सातवा फोन इल्झेबाईंच्या मुलीने घेतला. नोआकांनी पत्राचं सांगितलं, मग ऐकत राहिले आणि हळूच मला म्हणाले, "आई पाच वर्षांपूर्वी गेली म्हणतेय. शेवटपर्यंत सांगत होती, मी ते लिहिलं नाही. घरात कोणाचा विश्वास बसला नाही."

मी ते मराठीत सांगितलं. सासूबाईंनी टेबलावर ठेवलेले दोन्ही पेपर उचलले, नीट झटकले आणि घडी घातली.

"तिला म्हणावं, घरी थांब. आम्ही पेपर घेऊन येतोय."