हिल्डाची उघडी खिडकी

आमच्या 'हॅलम रो' नावाच्या रांगेतली अकरा घरं बाहेरून बघायला लांबून माणसं येतात. येऊ देत. अडीचशे वर्षांपूर्वी बांधणाऱ्यानं पुढची दगडी भिंत इतकी सारखी काढली, की अकरा बिऱ्हाडांची मिळून एकच हवेली वाटावी. मागच्या गल्लीत जाऊन बघा, प्रत्येक घराचं तोंड वेगळं. सगळी अक्कल पुढच्या बाजूला खर्च झाली. मी जन्मभर छपरांवर दगडी कौलं बसवली, त्यामुळे मला हे वरूनही ठाऊक आहे.

माझ्या शेजारी, सात नंबरात, हिल्डा चिलकॉट राहते. वय एकोणऐंशी. तिचा नवरा रेग दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात हिल्डा दारातल्या पाच पायऱ्यांवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. त्या पायऱ्यांना धरायला काही नाही. तळघरापुढच्या खड्ड्याला लोखंडी कुंपण आहे, पण तिथवर हात पोचत नाही. तेव्हापासून तिला पाव आणायचा असो की कोपऱ्यावरच्या पबात अर्धा ग्लास सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, प्यायची असो, ती माझी भिंत ठोकते आणि मी जाऊन हात देतो. मला त्याचं काही नाही. तिला आहे.

"अरे वेस्ली, माझ्या राजा," ती म्हणते, "तुझा हात चांगला आहे, पण त्याच्यामागे तू येतोस ना!"

म्हणून तिनं लोखंडी कठड्यासाठी अर्ज केला. जुन्या घरांना साधा खिळा मारायचा तरी जुन्या इमारती जपणाऱ्या सरकारी कचेरीची परवानगी लागते. दोन महिन्यांनी उत्तर आलं. कठड्याबद्दल त्यात अक्षर नाही. लिहिलं होतं, दुसऱ्या मजल्यावरची उजवीकडची खिडकी कायम वीतभर उघडी असते, पावसानं जुन्या बांधकामाला धोका आहे, ती बंद केल्याशिवाय पुढचा विचार होणार नाही.

हिल्डानं पत्र मला वाचायला लावलं आणि हसून हसून तिला ठसका लागला. कारण तिथं खिडकी नाहीच. आत धुराडं आहे. बाहेरून प्रत्येक घराला ओळीत तीन खिडक्या दिसायला हव्यात, म्हणून बांधणाऱ्यानं तिथं नुसती चौकट कोरून दगड भरला. रांगेतल्या सगळ्या घरांना अशी एकेक खोटी खिडकी आहे आणि तिच्यावर काळ्या काचा, पांढऱ्या पट्ट्या रंगवायची रीत आहे. रेगनं आपली रंगवताना खालची झडप वीतभर वर सरकवलेली काढली. म्हणाला, घराला जरा हवा लागू दे. तीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

हिल्डानं फोन करून सांगितलं, की बाई, ती भिंत आहे. तिकडून फोटो आला, उघड्या फटीभोवती लाल गोल काढलेला. तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कचेरीत खेटे घातले, तर तिथले ढिम्म, म्हणे लेखी द्या. लेखीच तर देत होतो!

शेवटी मिस थ्रिंग नावाची तिथली बाई आली. हिल्डानं तिला दुसऱ्या मजल्यावर नेलं. काठी टेकत, दर तीन पायऱ्यांनी थांबत. कपाट सरकवून मी भिंतीवर थापा मारून दाखवल्या.

"दिसली का खिडकी?" हिल्डानं विचारलं.

मिस थ्रिंगनं टिपून घेतलं. "मिसेस चिलकॉट, मग तर प्रश्न एकसारखेपणाचा आहे. बाकीच्या दहा खोट्या खिडक्या बंद आहेत. ही पण बंद हवी."

"आणि माझा कठडा?"

"त्यानंतर."

मी म्हणालो, "हिल्डा, भांडू या. मी वर्तमानपत्रात देतो."

"किती दिवस भांडू रे? मला गुरुवारी एकटीला बाहेर जायचंय. कुठल्याही गुरुवारी. शिडी काढ."

एका कोरड्या सकाळी मी वर चढलो. रेगचं काम इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. खालून जो नुसता फिकट डाग वाटायचा, ती चार बोटं होती, आतून झडप उचलून धरणारी. एका बोटात अंगठी. मी तसाच खाली उतरलो.

"हिल्डा, तिथं तुमचा हात आहे."

"माहीत आहे मला. झडप धरून तासभर उभं केलं होतं त्यानं स्वयंपाकघरात. चहा गार झाला माझा."

"मग? तोही पुसायचा?"

ती माझ्यावर खेकसली. "बंद खिडकीत कुणी बोटं ठेवतं का? चेंगरतील ना!" आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

मी रंगवलं. रंगाच्या पहिल्या हातातून बोटं दिसत राहिली, म्हणून दोनदा रंगवावं लागलं.

महिन्यानं कठडा बसला. गुरुवारी मिस थ्रिंग पाहायला आली. समोरच्या फुटपाथवर उभी राहून तिनं रांग न्याहाळली, मग वर बघितलं. हिल्डा कोट घालून दारात आली आणि कठडा धरून, एकटी, एकेक पायरी उतरू लागली. मी हात खिशात घालून उभा होतो.

"आता कसं छान सारखं दिसतंय," मिस थ्रिंग म्हणाली. "आधी तिथं कुणीतरी राहतंय असं वाटायचं."

हिल्डा तिसऱ्या पायरीवर थांबली. वर बघायला तिची मान वळेना.

"राहत होतो आम्ही," ती म्हणाली, आणि उरलेल्या पायऱ्या उतरली.