ओळख पटवणारा

शिक्क्याच्या शाईचा वास आला की मला चिकलठाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले ते गृहस्थ आठवतात. कचेरीसमोर लिंबाखाली माझं टायपिंगचं टेबल होतं. एका दुपारी ते मुलाला आणि एका एजंटाला घेऊन आले. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळतं. एजंटानं असा एक मयत गोवेकर शोधला होता, आणि या पोराला त्याचा मुलगा दाखवायचं होतं. प्रतिज्ञापत्रात मुलाच्या नावामधलं बापाचं नाव काढायचं म्हटल्यावर माझी बोटं थांबली. "काका, तुम्ही जित्ते समोर बसलाय की," मी म्हणालो. ते हसले. "लिवा हो. कागदावर बाप बदलला म्हणून काय व्हतं? पोरगं मार्गी लागंल." मुलगा चपलेनं माती उकरत होता. खोटं आहे हे ठाऊक असून मी टाइप केलं. शेवटी ओळख पटवणाऱ्याची सही लागते, तीही त्यांनीच केली. नातं विचारलं तर म्हणाले, "शेजारी लिवा." मी तेही लिहिलं. त्या दिवशी टेबल आवरून उठलो असतो, तर बरं झालं असतं. परवा तो मुलगा परदेशातून आला. वडील वारले होते आणि मुकुंदवाडीच्या घरासाठी वारसाचा कागद हवा होता. "मी त्यांचाच मुलगा आहे, असं लिहून द्या," म्हणाला. मी पुरावा मागितला. वडिलांच्या सहीचा एकच कागद त्याच्याकडे उरला होता, तो त्यानं माझ्यापुढं ठेवला. सहीखाली मीच टाइप केलं होतं: शेजारी.