डावा की उजवा

आमच्या शेजाऱ्यांइतका स्वतःची खात्री असलेला माणूस अख्ख्या सिल्वासात शोधून सापडायचा नाही. ते खडोलीच्या एका कारखान्यात खरेदी सांभाळतात. मूळचे चोपड्याकडचे, अंगाने चांगले भारदस्त. कुठलीही वस्तू एक नंबर मोठी घ्यावी म्हणजे माणूस निश्चिंत राहतो, हे त्यांचं तत्त्व. त्यांनी आणलेला कूलर दारातून आत जाईना, तेव्हा तो त्यांनी जिन्यातच लावला आणि उन्हाळाभर सगळ्या मजल्यांवरच्या बायका पायऱ्यांवर बसून गहू निवडत होत्या. सोसायटीच्या गणपतीला आचाऱ्याला बाजूला सारून त्यांनी आमटीत स्वतःच्या अंदाजाने मीठ घातलं. ती कुणाच्या घशाखाली उतरेना. "मीठ बरोबर होतं, डाळच कमी पडली," एवढंच ते म्हणाले.

तर अशा या गृहस्थांच्या थोरल्या बहिणीचं लिव्हर निकामी झालं. बरीच वर्षं आतल्या आत चाललेलं दुखणं होतं. भावजय गेल्यावर या ताईंनीच चोपड्याहून येऊन भावाचं घर सावरलं होतं, आणि तेव्हापासून त्या त्याच्याकडेच राहत होत्या. लिव्हरचा तुकडा कुणीतरी द्यायचा, हे कळताच यांनी दुसऱ्या कुणाचं नावही निघू दिलं नाही. रक्तगट जुळला, तपासण्या झाल्या आणि मुंबईच्या सर्जनबाईंनी तिघांना समोर बसवलं. सोबत म्हणून मी होतो.

बाई म्हणाल्या, डावा भाग घेऊ. झालं. डावा म्हणजे लहान, हे यांना आधीच ठाऊक होतं. खरेदीत केस पिकलेल्या माणसाच्या अधिकाराने ते म्हणाले की, द्यायचंच आहे तर उजवा घ्या, मोठा आहे. बाईंनी शांतपणे समजावलं. यांच्या लिव्हरचा उजवा भाग इतका मोठा होता, की तो काढला तर उरलेल्यावर यांचाच निभाव लागणं कठीण. ताई अंगाने बारीक, त्यांना डावा पुरेल; फक्त तुकडा लहान असल्यामुळे स्थिरावायला वेळ लागू शकतो. "माझं मी बघून घेईन," हे म्हणाले, "तिला कमी पडायला नको."

ताई म्हणाल्या, "डावा देत असशील तर घेते. नाहीतर मला कुठलाच नको. तुला गमावून मी बरी होऊन काय करू?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाद हरताना मी पाहिलं.

ऑपरेशन नीट झालं. हे लवकरच हिंडूफिरू लागले, पण ताईंची कावीळ हटेना, पोटात पाणी साठत राहिलं. ताईंच्या खोलीत जायची मनाई होती. काचेबाहेरच्या बाकावर पोटाला उशी दाबून ते बसलेले असत. मला एकदाच म्हणाले, "मी तेव्हा ऐकायला नको होतं." बाई रोज सांगत, की हे अपेक्षित आहे, धीर धरा. धीर हा माल त्यांनी कधी खरेदीच केला नव्हता. पण मग पाणी कमी होत गेलं, आणि एका सकाळी ताईंच्या डोळ्यांतलं पांढरं पुन्हा पांढरं दिसलं. काही महिन्यांनी तपासलं, तर दोघांचंही लिव्हर छान वाढलेलं. ती वाढ आपल्याच मालाच्या दर्जामुळे झाली, असं हे आता कारखान्यात सांगतात.

ताई ठणठणीत झाल्या आणि गेल्या महिन्यात आपल्या चोपड्याच्या घरी परतल्या. परवा संध्याकाळी हे आमच्याकडे चहाला आले होते. बोलता बोलता मध्येच उठले, गॅलरीत गेले आणि फोन लावला. "ताई, गोळी घेतलीस?" पलीकडून बहुधा हो आलं आणि फोन बंद झाला. तरी ते बराच वेळ फोन कानाला लावून तसेच उभे होते. चहा निवला. मी पुन्हा आधण ठेवलं.