कोपर आणि तक्ता

ऐंशीच्या दशकात रामदासपेठेतल्या एका सभागृहात लेसरवरचं भाषण ऐकायला गेलो होतो. एक तरुण प्राध्यापक सांगत होता, लेसरच्या किरणानं लोखंडाचा वरचा थर कसा कडक करतात, आणि तो किती कडक होईल हे आधीच गणितानं कसं कळतं. "यात पाणी लागतच नाही," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मांडीवरून उठले नाहीत.

त्याआधी दहाएक वर्षं, डिप्लोमा घेऊन मी हिंगणा रोडवरच्या एका कारखान्यात कच्च्या नोकरीवर लागलो होतो. वय बावीस, अक्कल त्याहून कमी. तिथं दातेरी चाकं बनायची. चाकाचे दात गॅसच्या ज्वाळेवर लाल करायचे आणि लगेच पाण्याच्या टाकीत बुडवायचे, म्हणजे ते कडक होत. ते काम आमचा मिस्त्री करायचा. छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेल्या घरातला, सातवी पास, बारा वर्षं रोजंदारीवर. त्या उन्हाळ्यात त्याला कायम करणार होते. घरी पोरीचं लग्नही त्याच भरवशावर ठरवलं होतं त्यानं.

चाक बुडवण्याआधी तो टाकीत कोपर घालायचा, बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. गरम लागलं की हमालाला ओरडायचा, "बरफ आन गा!" भुशात ठेवलेल्या लाद्या टाकीत पडायच्या.

कारखान्याच्या साहेबांना ते कोपर खुपायचं. "पाण्यात हात कशाला घालतो हा?" अहो, त्या तेलकट पाण्याचा घोट कोण घेणार होतं? पण खुपायचं. का, ते मला नीट कळत होतं. आमच्याच दारात काही माणसांना पाणी वरून ओतलेलं मी लहानपणी पाहिलं होतं. तरी गप्प बसलो. नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी शहाणपणा केला.

हिवाळाभर चाकं तपासून मी एक तक्ता बनवला: इतके सेकंद ज्वाळा, इतका कडकपणा. पाण्याच्या तापमानाचाही रकाना होता. पण थंडीत रोज तोच तो आकडा यायचा, म्हणून तो मीच खोडून टाकला. तक्ता सुटसुटीत दिसायला लागला. साहेब खूश झाले. कोपर बंद, बर्फ बंद.

मग मे आला. टाकी पत्र्याच्या शेडखाली. मिस्त्री माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "सायेब, पानी तापून राह्यलं. दात नरम राहतीन."

"तक्त्यात बसतंय, मिस्त्री."

"तक्त्याले घाम येत नाही नं सायेब. एकडाव हात घालू द्या मले."

मी नको म्हटलं. माझ्या तोंडाला काळं फासायला हवं होतं त्या दिवशी!

महिन्याभरात गिऱ्हाइकांकडून चाकं परत आली. कडक दातावर कानस घसरायला हवी, ती चावत होती; दात नरम राहिले होते. साहेबांनी मिस्त्रीला समोर उभं केलं आणि मला विचारलं, "तुमचा तक्ता बरोबर आहे ना?"

खोडलेला रकाना मला तिथंच आठवला होता. "बरोबर आहे," मी म्हणालो.

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. आठवड्याभरात त्याला काढलं. जाताना शिवी दिली असती तर बरं झालं असतं, पण म्हणाला काय, "सायेब, बरफ टाकत जा टाकीत."

तो गेल्यावर मी टाकीत थर्मामीटर लावला आणि तक्त्यात रकाना परत घातला. बर्फ सुरू झाला. चाकं चांगली निघायला लागली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

त्या उन्हाळ्यात आमच्या खात्यात एकच माणूस कायम झाला. तो मी.