बॉनेटवरचं कुंकू

पापड लाटताना काही फुटतात, काहींची कड चिरते. असले पापड गिऱ्हाइकाला देता येत नाहीत, म्हणून मी ते एका डब्यात टाकत जाते. डबा कधी भरतो ते कळत नाही. आमच्या ओट्यावरचे किस्से तसेच आहेत. विकायच्या कामाचे नाहीत, पण चवीला तेच जास्त बरे.

मी चौथी शिकलेली बाई. गाड्यांची इंग्रजी नावं ऐकून ऐकून तोंडात बसली. चुकली तर हसा, पण माझ्यासमोर नको.

आमच्या घरात आलेला माणूस शोकेससमोर थांबतोच. आत वीतभर लांबीची एक पांढरी गाडी आहे. मस्टँग. अमेरिकेतली जुनी गाडी, खरीच्या पंचवीस पट लहान, पण गिअरपासून वायपरपर्यंत सगळं आहे. लोक वाकून बघतात, वा वा करतात आणि मग विचारतात, "ताई, बॉनेटवर हे कुंकू कसलं?"

तो किस्सा शेवटी सांगते. आधी बाकीचे.

* * *

आमचे हे गॅरेजात गाड्या रंगवायचे. जळगावात ज्याच्या गाडीला ओरखडा पडला तो यांच्याकडे यायचा. गॅरेजच्या भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं, पांढरी मस्टँग आणि तिच्यावरून गेलेले दोन निळे पट्टे. "असली एक गाडी हाताखालून गेली पाहिजे," असं म्हणायचे. मी म्हणायची, आधी घराचा दरवाजा रंगवा.

आमचं रोज भांडण व्हायचं. मीठ, पंखा, चप्पल, काहीही चालायचं. मेहरूणच्या आमच्या गल्लीत सकाळी आमचा आवाज आला की बाया हंडे घेऊन नळाला जायच्या, घड्याळ बघायच्या नाहीत.

मग यांना अटॅक आला, लकव्याचा. पाय वाचला, तोंड सावरलं, पण उजवा हात गेला. बोटं थोडी हलायची, हात मात्र कमरेच्या वर उचलला जायचा नाही. डॉक्टर म्हणाले, बोलता येतं त्यांना, फक्त बोलत नाहीत. मान हलवायची, बोट दाखवायचं, एवढंच.

मी एक दिवस मुद्दाम भरतात मीठ घातलं नाही. म्हटलं, बघू. गुपचूप खाल्लं त्यांनी, ताट धुवायलासुद्धा ठेवलं. मी मोरीत जाऊन रडले.

पुण्याच्या आमच्या लेकीने, सुनीताने, तो खोका आणला तो त्याच दिवसांत. वर मस्टँगचं चित्र. ती म्हणाली, "आई, बाबांना ही गाडी करू दे. बोटांना काम मिळेल." मी म्हटलं, माणूस जेवताना घास सांडतोय आणि तू खेळणी आणतेस. तिने माझं ऐकलं नाही. माझ्यावर गेली आहे.

* * *

खोका उघडला तर आत गाडी नव्हतीच! प्लॅस्टिकच्या जाळ्यांना लटकलेले शेकडो तुकडे. एका हाताने ते कापायचे कसे? म्हणून यांचे दोन दोस्त कामाला लागले. एक नाना. धुळ्याचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, बोलणं अजून पक्कं अहिराणी. दर रविवारी धुळ्याहून येतात. दुसरे इस्माईलभाई. गाड्यांचे सीटकव्हर शिवतात, दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच.

नानांनी पहिल्याच रविवारी स्टिअरिंग बसवलं, उजवीकडे. यांनी मान हलवली आणि डाव्या हाताचं बोट डावीकडे दाखवलं. गॅरेजातून आणलेलं कॅलेंडरचं पान पुढे सरकवलं. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असतं.

नाना भडकले. "आख्खी जिंदगी उजवीकडे बसीसन गाडी चलाडी, आते डावीकडे बसू का?"

इस्माईलभाई म्हणाले, नाना, तुम्हाला बसायचं नाही, गाडीला बसायचं आहे. नानांनी पान नाकाशी धरून नीट पाहिलं. बराच वेळ विचार केला.

"मंग कंडक्टर कोठे बसी?"

यांनी काही न बोलता नखाने स्टिअरिंग उपटलं आणि नानांच्या हातात दिलं. मी आतून बघत होते. पूर्वीचा माणूस असता तर नानांना चार शिव्या बसल्या असत्या.

* * *

आमच्या गच्चीवर उन्हाची एकच चांगली जागा आहे. तिथे खाटेवर माझे पापड वाळतात. या तिघांनी गाडीचे रंगवलेले बारके पार्ट त्याच खाटेच्या कडेला ठेवायला सुरुवात केली. मी दोनदा सांगितलं, एक दिवस मी हे सगळं तळून तुम्हालाच वाढीन.

एका संध्याकाळी बाजूचा आरसा गायब. ज्वारीच्या दाण्याएवढा आरसा, चांदीच्या रंगाचा. आठवडाभर शोधाशोध. खाट उलटी केली, केरसुणी झटकली, उंदराला नाही नाही ते बोलून झालं. नानांनी माझ्यावर संशय घेतला, मी नानांना चहा दिला नाही.

मग फैजपूरच्या एका बाईंचा फोन आला. माझ्या जुन्या गिऱ्हाईक. म्हणाल्या, "ताई, तुमच्या पापडात काहीतरी चमकतंय."

"तळू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की त्यांनी आधी गॅस बंद केला आणि मग विचारलं, काय आहे?

"आरसा आहे."

"कशाचा?"

"मस्टँगचा."

त्यांना वाटलं असणार बाई गेली हातची. पण भल्या बाई. आरसा त्या पापडासकट कागदात गुंडाळून जळगावला येणाऱ्या भाच्याबरोबर पाठवला, वर केळीची फणी. निरोप होता की पापडाची चव नेहमीसारखीच, पण पुढच्या वेळी आरसा नको.

* * *

इस्माईलभाई एरवी देवमाणूस, पण सीटच्या बाबतीत हट्टी. किटमधली सीट प्लॅस्टिकची, त्यावर काळा रंग द्यायचा. ते म्हणाले, रंग नाही, मी शिवणार. दुकानातलं रेक्झिन आणून पाहिलं. त्याचा दाणा जाड. एवढ्याशा सीटवर ते म्हशीच्या कातडीसारखं दिसायला लागलं. त्यांना अगदी बारीक दाण्याचं, पातळ काळं कातडं पाहिजे होतं. कुठे मिळेना. मग एका रविवारी घेऊन आले. सीट अशी झाली की मी पण बोट लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या बायको, झुबेदाभाभी, आमच्या ओट्यावर. हातात काळी पर्स. भावाच्या लग्नात मिळालेली, एकदाच वापरलेली. माझ्यासमोर पर्स उघडली, आत हात घातला आणि तो हात तळातून बाहेर काढून मला पाचही बोटं दाखवली.

मी त्यांना आत नेलं, गाडी दाखवली. त्यांनी दार उघडून सीट पाहिली. मला वाटलं, आता ही गाडी खिडकीतून जाणार. त्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "सिलाई तो अच्छी की है."

आणि जाताना नवऱ्याच्या दुकानासमोर थांबून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "अब मेरी पर्स को सीटकव्हर लगाओ!"

लावलं. झुबेदाभाभींच्या पर्सला आता तळाशी ट्रकच्या सीटचं लाल रेक्झिन आहे. त्या ती लग्नाकार्यात मुद्दाम मिरवतात.

* * *

आजारी माणसाला बघायला नातेवाईक येतातच. अमळनेरहून यांचे चुलतभाऊ आले, जोडीने. चेहरे आधीच उतरवून आलेले. बघतात तर हे खाली मान घालून उजव्या हाताने पॉलिश पेपर घासतायत. फिजिओवाल्या पोरीने रबरी चेंडू दिला होता तो यांनी फेकून दिला होता, पण गाडीचं छत मात्र तासन्‌तास घासायचे. पोरगी म्हणाली, घासू द्या, तेच औषध आहे. बोटं सुधारायला लागली होती. हात अजून कमरेपाशीच. मांडीवर ठेवून काम चालायचं.

चुलतजाऊ मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, डोक्यावर पण परिणाम झाला का हो? खेळण्याशी खेळतायत."

मी म्हटलं, "तुमचा मुलगा तिशीचा झाला, दिवसभर मोबाईलवर गाड्या पळवतो. त्याचं डोकं कुठे दाखवलंत?"

चहा न घेता गेले. मी बाहेर आले तर हे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, ओठ हलले. पण नाही. पुन्हा घासायला लागले.

* * *

गाडी पुरी होत आली आणि भांडण निघालं नंबरप्लेटचं. इस्माईलभाई म्हणाले, गाडी जळगावात बनली, एमएच एकोणीस लावा. नाना उठून उभे राहिले.

"इंजिन कोणी बसाडं? चाकं कोणी बसाडी? हाई गाडी धुयानी शे. अठरा लाव."

धुळ्याची अठरा की जळगावची एकोणीस, यावर दोन म्हातारे लहान पोरांसारखे रुसले. एक रविवार नाना आलेच नाहीत. शेवटी यांनी खोक्यातली अमेरिकन पाटीच लावून टाकली. कॅलेंडरमध्ये तीच होती.

नाना मला म्हणाले, "अक्का, बठ्ठं ठीक शे. पन हाऊ माणूस चिडत का नई?"

तेच तर मी देवाला विचारत होते.

* * *

आता कुंकू.

गाडीला पांढरा रंग आधीच बसला होता. नानांनी डबा धरला, इस्माईलभाईंनी फवारा मारला, यांनी बोटाने सांगितलं. राहिले फक्त दोन निळे पट्टे. खोक्यात पट्ट्यांचं स्टिकर होतं, पाण्यात बुडवून चिकटवायचं. नानांनी ते बुडवायला वाटी आणली तर यांनी वाटी बाजूला सरकवली. आणि बोलले. अटॅकनंतर पहिल्यांदा, तीनच शब्द.

"पट्टा मी मारीन."

मग आम्ही सगळे वाट बघायला लागलो. हे रोज ब्रश उजव्या हातात घ्यायचे, गाडीकडे बघायचे आणि ब्रश ठेवून द्यायचे. गणपती गेले, नवरात्र बसलं. गाडी पांढरीच. पुन्हा तोंडाला कुलूप. मी एकदा म्हटलं, लावून टाका ते स्टिकर, कोण बघतंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत तो विषय काढला नाही.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची आणि गाड्यांची पूजा असते. मी माझं पोळपाट-लाटणं पूजलं, यांची जुनी रंगाची गन पूजली, दाराशी स्कूटर पूजली. झेंडूचं फूल घेऊन आत आले तर टेबलावर ती पांढरी गाडी. म्हटलं, गाडी ती गाडी. हिच्यावर या घराचं एवढं वर्ष गेलं, हिला कसं वगळू? बोट हळदीत बुडवलं, कुंकवात बुडवलं आणि बॉनेटच्या बरोब्बर मध्यभागी टेकवलं, चांगलं दाबून. झेंडूचं फूल टपावर. फूल गाडीपेक्षा फार लहान नव्हतं.

बोट उचललं तर चिकट लागलं.

इस्माईलभाईंनी सकाळीच वरून चमक येण्यासाठी क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी लॅकरचा, एक हात मारला होता. संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. मी तेव्हा देवघरात होते.

नाना आणि इस्माईलभाई दारात उभे. दोघांनी गाडी पाहिली, मग एकमेकांकडे पाहिलं. इस्माईलभाई फुंकर मारायला पुढे झाले तर कुंकू आणखी पसरलं. मग हे आले, बाहेरून, हातात सोनं द्यायची आपट्याची पानं. टेबलापाशी थांबले. वाकले. बघितलं.

पानं खाली पडली.

"अक्कल आहे का तुला?"

आवाज गल्लीच्या टोकाला गेला. शेजारच्या बाईने सवयीने हंडा उचलला.

"अमेरिकेची गाडी आहे ती! तिथे कोण बॉनेटवर कुंकू लावतं? कॅलेंडर बघितलंस का? आहे का त्याच्यात कुंकू?"

मी काय गप्प बसणारी! म्हटलं, "कॅलेंडरवाल्याला दसरा माहीत नाही त्याला मी काय करू? ओली गाडी टेबलावर ठेवायची कुणी सांगितली? तुमच्या पार्टांनी माझे पापड खाल्ले ते चाललं, माझं एक बोट लागलं तर घर डोक्यावर घेता?"

"तू पहिल्यापासून अशीच! दरवाजा रंगवला तेव्हा पण हात टेकवला होतास!"

"तो दरवाजा तुम्ही सात वर्षांनी रंगवला होता!"

"भाजीत मीठ नसतं हिच्या, आणि निघाली पूजा करायला!"

म्हणजे त्या दिवशीचं भरीत लक्षात होतं तर!

नाना हळूच चप्पल शोधायला लागले. इस्माईलभाईंनी त्यांचा शर्ट धरला आणि डोळ्यांनी यांच्याकडे खूण केली. मी पण तेव्हाच पाहिलं. माझ्या नाकासमोर, अगदी कपाळाएवढा उंच, बोट रोखलेला हात. उजवा.

पण भांडण अर्धवट सोडणं माझ्या रक्तात नाही.

"आधी हात खाली घ्या!" मी ओरडले.

"नाही घेणार!"

"मग नका घेऊ."