उमेळ्याचा भालदार

फाटकात पाहुणा दिसला की आमचा उमेळ्याचा मित्र आत बायकोला ऐकू जाईल असा ओरडायचा, "अगं, बँकेतले कुलकर्णी आलेत गं! गुडघा दुखतो ते!" पाहुणा ओशाळायचा, आम्ही हसायचो. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या कंपूने त्याचं नाव 'भालदार' ठेवलं. चिडवलं की म्हणायचा, "राणीसाहेबांचा हुकूम आहे, बाबांनो."

दुसऱ्याच्या घरातलं तो कधी विचारत नसे. माझा मुलगा नोकरी सुटून घरी बसला, तेव्हा सगळ्यांनी विचारून जीव नकोसा केला. भालदार वाडीतलं केळफूल हातात देत म्हणाला, "त्याला भाजी आवडते ना? न्या."

एकदा मी फाटकातून न जाता मागच्या विहिरीकडून गेलो. वहिनी ओट्यावर मोगरा ओवत होत्या. इतक्या वर्षांची ओळख, आणि त्यांनी विचारलं, "कोण पाहिजे?" भालदार केळींचं पाणी तसंच सोडून माझं नाव ओरडत धावला. वहिनींचा चेहरा खुलला. "भाऊ, तुम्ही होय! चहा टाकते." निघताना तो हळूच म्हणाला, "तिला अजून कळलेलं नाही, भाऊ. राहू दे असंच."

घरी पोचताच मी ते कंपूच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं. मदत व्हावी म्हणून, असं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला आधी कळलं, हे मिरवायचं होतं.

रविवारी मंडळी फळं घेऊन गेली. प्रेमानेच. एकेक जण वाकून विचारू लागला, "वहिनी, ओळखलंत का? सांगा बघू, मी कोण?" भालदार नावं सांगत होता, तर त्यालाच गप्प केलं. "तुम्ही थांबा हो, त्यांना आठवू दे!" शेवटी वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "अहो, मला काय झालंय?"

त्यानंतर त्याने ग्रुप सोडला, फिरायला येणं सोडलं. केळीची वाडी विकून पैशाचा माज आला, असं आपल्या कंपूत अजून बोलतात. मी ऐकून घेत आलो. माज नव्हता. कारण मी होतो.

वहिनी गेल्यानंतर वसईला, होळी नावाच्या बाजारपेठेत, तो भेटला. मी माफीचं काहीतरी पुटपुटलो. "माझं असतं तर सोडून दिलं असतं, भाऊ. ते तिचं होतं." हे सगळं लिहू का, असं मी विचारलं. असं विचारण्याची ही माझी पहिलीच वेळ. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "लिहा. पण नाव नको. आणि वाचून कुणी घरी यायला नको."

तेव्हा कंपूतल्या मंडळींनो, माफी मागायलासुद्धा जाऊ नका. उमेळ्याच्या वळणावर माझे पाय रोज घोटाळतात. मीही जात नाही.